एका कार्डावरचे घर

धर्मराजचा फोटो जालन्याच्या पेपरात छापून आला, त्या दिवसापासून जयवंताबाईंच्या घरात पेपरात गुंडाळलेली कोणतीही वस्तू आणण्यास मनाई झाली. किराणा पिशवीतून यावा, भजी डब्यातून यावीत, अशी नवी व्यवस्था लागली. कारण सर्वांना ठाऊक होते आणि विचारण्याची छाती कोणाचीच नव्हती. धर्मराज हा जयवंताबाईंच्या धाकट्या जावेचा, म्हणजे गोपिकाबाईंचा नातू. त्याला जालन्याच्या फुलचंद विद्यानिधीची शिष्यवृत्ती मिळाली होती. आता मुलगा हुशार निघणे हा काही गुन्हा नव्हे, आणि जयवंताबाईंनीही तसे कधी म्हटले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच, की फोटोत मुलाच्या शेजारी आजीने पदर सावरून उभे राहण्याचे प्रयोजन काय? गणिताचा पेपर काय गोपिकाबाईंनी सोडवला होता?

ही जळजळ त्यांनी वर्षभर मोठ्या संयमाने सांभाळली. खानदानी बाईने जळावे, पण धूर दिसू देऊ नये, असे त्यांचे मत होते. टेंभुर्णीत मात्र तो धूर बसस्टँडपर्यंत दिसत होता.

पुढच्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, त्यांची स्वतःची नात सत्यशीला बारावी झाली आणि धर्मराजपेक्षा तिला बावीस गुण अधिक पडले. ही बातमी जयवंताबाईंनी कोणालाही मुद्दाम सांगितली नाही. जो भेटला त्याला तेवढी सांगितली. एस.टी.च्या कंडक्टरला तिकिटाच्या सुट्या पैशांबरोबर सांगितली. सत्यशीलेला औरंगाबादच्या फार्मसी कॉलेजात जागाही मिळाली. मग तिचे वडील बद्रीनाथ, स्वभावाने गरीब आणि आईपुढे त्याहून गरीब, हळूच म्हणाले, "माय, पहिल्या सालचं कसंबी निघंल. पुढचे तीन सालं न्हाई निघायचे. होस्टेलचा खर्चा लई हाये. शिष्यवृत्ती मिळाली तर बराबर, न्हाई तर पोरगी हितल्याच कॉलेजात बी.ए. करंल."

औरंगाबादहून आलेले प्रवेशाचे पत्र सत्यशीलेने घडीवर घडी घालून इतके लहान केले, की ते मुठीत मावले.

"बी.ए.?" जयवंताबाई म्हणाल्या. "गोपिकेच्या नातवाला मिळती, अन् माझ्या नातीला मिळत न्हाई? कोणता फुलचंद हाये तो, मी बघती त्याला."

फुलचंदजी तीस वर्षांपूर्वीच वारले होते, त्यामुळे ते या भेटीतून सुटले.

अर्ज भरण्याचे काम सुरू झाले आणि ओट्यावर सल्लागारांची रीघ लागली. त्यांत मुख्य म्हणजे शेजारचे रखमाजी. हे तहसील कचेरीतून पट्टेवाला म्हणून निवृत्त झाले होते आणि साहेबांच्या खोलीबाहेर एकतीस वर्षे बसल्यामुळे साहेबाचे अर्धे ज्ञान दाराच्या फटीतून आपल्यात आले आहे, अशी त्यांची समजूत होती. "अर्जाला लाल फीत बांधा, जयवंताबाई," ते म्हणाले. "साहेब आधी फीत सोडतो. सोडायला मेहनत लागली, की मंग तो वाचल्याबिगर ठेवत न्हाई." समोरच्या साळूबाईंनी सांगितले, की दाखल्यांच्या नकला विषम संख्येत जोडाव्यात, सम संख्या तेराव्याची असते. तेरा ही संख्या विषम आहे, हे सत्यशीलेने सांगून पाहिले. "लई शिकली," साळूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

फोटोसाठी जयवंताबाई नातीला स्वतः घेऊन तालुक्याला गेल्या. ठेवणीतले लुगडे नेसून त्या स्टुलावर नातीच्या शेजारी बसल्या तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "आजी, पासपोर्ट फोटो हाये. एकच माणूस मावतो."

"मंग आमच्या धाकट्या जावेचा कसा मावला?"

बिचाऱ्याला या प्रश्नाचा संदर्भ ठाऊक नव्हता. त्याने दोघींचा फोटो काढला, मग सत्यशीलेचा एकटीचा काढला आणि पैसे दोन्हींचे घेतले.

एवढे सर्व बांधून, लाल फितीसकट, आजी, नात आणि बद्रीनाथ जालन्याला विद्यानिधीच्या कार्यालयात दाखल झाले. तेथील कारकून सज्जन होता. त्याने फीत शांतपणे सोडली, गुणपत्रिका पाहून मान डोलावली आणि मग रेशनकार्ड उघडले.

येथे या कार्डाविषयी चार शब्द सांगणे भाग आहे. जयवंताबाई आणि गोपिकाबाई यांची चूल एकोणीस वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. एकाच घराच्या मधोमध छातीइतकी भिंत उभी राहिली होती. अलीकडे थोरली, पलीकडे धाकटी. दोघी एकमेकींशी थेट बोलत नसत. पण रेशनकार्ड एकच होते, त्यावर चौदा नावे होती आणि ते जयवंताबाईंच्या पेटीत दागिन्यांच्या डब्याखाली असे. 'घर फुटले' हा शब्द आपल्या जिवंतपणी कोणी उच्चारायचा नाही, हा त्यांचा दंडक. सोयरीक जमवायला पाहुणे आले, की त्या कार्ड काढून समोर ठेवत. "मोजा. चौदा नावं हाईत. आजकाल एवढं एकत्र घर दाखवा मला कुठं." पाहुणे मोजत, मान डोलावत आणि भिंतीकडे पाहण्याचे सभ्यपणाने टाळत. दोन वर्षांपूर्वी साळूबाईंच्या तोंडून चुकून 'तुमची चूल आन् त्यांची चूल' असे निघून गेले, तर जयवंताबाईंनी सहा महिने त्यांच्या घरी ताक पाठवले नाही. तेव्हापासून सारी गल्ली शहाणी झाली होती.

"बाई," कारकून म्हणाला, "नियम सात. एका रेशनकार्डावरून एकच विद्यार्थी. तुमच्या या कार्डावरून धर्मराज गेल्या सालापासून घेऊन राह्यला. त्याचे अजून दोन सालं हाईत."

जयवंताबाईंच्या डोळ्यांपुढे क्षणभर तो फोटो, पदर सावरलेला, उभा राहिला. कार्ड त्यांच्या पेटीत, गोपिकेकडे गेली नुसती नक्कल, अन्‌ त्यावरून जेवण गोपिकेचे!

"साहेब, आमची चूल येगळी हाय," बद्रीनाथ बोलून गेले. आईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, की पुढचे वाक्य त्यांनी गिळले आणि मागचेही परत घेण्याचा प्रयत्न केला.

"येगळी असंल तर तसं तहसिलातून कार्ड येगळं करून आणा," कारकून म्हणाला. "एकतीस ऑगस्टच्या आत. पोरीचे मार्क चांगले हाईत, मी अर्ज ठेवून घेतो."

परतीच्या बसमध्ये जयवंताबाई टेंभुर्णी येईपर्यंत हिशेब करत होत्या. एकीकडे नात, दुसरीकडे चौदा नावे. शेवटी त्यांनी मध्यम मार्ग काढला: कार्ड वेगळे करायचे, पण कोणाला कळू द्यायचे नाही. म्हणून ही गोष्ट त्यांनी फक्त रखमाजींना सांगितली, आणि दिवेलागणीपर्यंत ती गिरणीवर दळणासोबत दळली जात होती.

कार्डावर सर्वांत वरचे नाव दिराचे, म्हणजे गोपिकाबाईंच्या यजमानांचे, काकासाहेबांचे होते, त्यामुळे त्यांची संमती आवश्यक होती. जयवंताबाईंनी तीन दिवस तयारी केली. गोपिका नकार देणार हे उघड होते. ती काय म्हणेल, आपण त्यावर काय म्हणायचे, तिने जुने लग्न काढले तर आपण कोणते बारसे काढायचे, हे सारे मनात रचून ठेवले. मग सत्यशीलेच्या हाती कागद भिंतीपलीकडे पाठवला.

"वैनीला सांग, मी सही करतो, पण हिला इचारून," काकासाहेबांचा आवाज आला.

"त्यात इचारायचं काय?" हा गोपिकाबाईंचा आवाज. "पोरीच्या शिक्षणाचं काम हाय. करा सही जल्दी."

कागद चहा निवण्याच्या आत सही होऊन परत आला. जयवंताबाईंचे तीन दिवसांचे भांडण असे बिनवापराचे पडून राहिले. "एवढी घाई होती तर तिला येगळं व्हायची!" त्या म्हणाल्या आणि रात्री जेवल्या नाहीत.

तालुक्याच्या अर्जात 'विभक्त होण्याचे कारण' असा एक रकाना होता. जयवंताबाईंनी सत्यशीलेकडून लिहवून घेतले: 'घरात माणसे फार, कार्डात जागा कमी.' अर्ज परत आला. दुसऱ्या खेपेस लिहवले: 'सोयीसाठी.' तहसिलाच्या कारकुनाने विचारले, कोणाच्या? जयवंताबाईंनी उलट विचारले, की थोरल्या घरची बाई समोर उभी असता खुर्चीवर बसून प्रश्न करण्याची रीत त्याला कोणी शिकवली? त्या दिवशी कारकून उभा राहिला, अर्ज मात्र आडवाच राहिला. तिसऱ्या खेपेस त्याने स्वतःच 'चूल वेगळी' असे लिहून पुढे सरकवले. "करा बाई अंगठा, न्हाई तर सही." जयवंताबाईंनी खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहत सही केली. त्यांच्या मते न पाहिलेले वाक्य लिहिलेले नसते.

"आता पुरवठा निरीक्षक येऊन चुली पाहतील," कारकून म्हणाला. "दोन पंचांसमोर."

"कधी येतील?"

"येतील तवा येतील."

ते आले श्रावणातल्या तिसऱ्या शुक्रवारी. सरकारी माणसाने वर्षातील तीनशे पासष्ट दिवसांतून नेमका तोच दिवस निवडावा, याला योगायोग म्हणायचे की कुलदैवतेचा कोप, हे वाचकांनी ठरवावे. कारण त्या दिवशी त्या घराचा कुळाचार असे. पिंपळगावच्या रेणुकाईचा नैवेद्य. आणि देवीच्या नैवेद्याला दोन चुली चालत नाहीत. भिंत असो, अबोला असो, वर्षातून या एका दिवशी दोघी जावा थोरल्या चुलीशी बसत, एक पुरण भरी, दुसरी पोळी लाटी. बोलणे मात्र नातीमार्फत चाले.

"सत्यशीले, तुझ्या धाकट्या आजीला सांग, पुरण सैल झालं."

"पोरी, तुझ्या आजीला सांग, पुरण बराबर हाये, हात जड झाला."

अशा वेळी मोटारसायकल थांबली. निरीक्षक पिशवी सांभाळत आत आले. मागे पंच म्हणून रखमाजी आणि साळूबाई, आणि पंचांना धीर द्यावा म्हणून निम्मी गल्ली. निरीक्षकांनी पाहिले: चूल एक, परात एक, नैवेद्याचे ताट एक, दोन वृद्ध स्त्रिया एकाच पोळपाटाशी. पलीकडची चूल सारवून, थंड, वर रांगोळीची दोन बोटे.

"ही तर एकच चूल हाये," निरीक्षक म्हणाले.

"आज कुळाचार हाये साहेब," बद्रीनाथ म्हणाले.

"जो तो कायतरी सांगतो. पंच, तुम्ही सांगा. हे लोक एकत्र राहतात की वेगळे?"

रखमाजींनी खाकरून घसा साफ केला. साक्ष देण्याची संधी एकतीस वर्षांत त्यांना प्रथमच मिळत होती. पण तोंड उघडता उघडता त्यांची नजर जयवंताबाईंवर पडली आणि एकोणीस वर्षांची सवय पुढे धावली. "एकत्र साहेब! बिलकुल एकत्र. असं घर पंचक्रोशीत न्हाई."

"चौदा नावं हाईत कार्डावर," साळूबाईंनी भर घातली. त्यांना सहा महिन्यांचे ताक आठवले असावे. "राम-लक्षुमणाचं घर हाये. आमी तर लेकरांना दाखवतो, बघा म्हून." आणि हे सांगून झाल्यावर त्यांनी शाबासकीच्या अपेक्षेने जयवंताबाईंकडे पाहिले.

जयवंताबाईंना त्या क्षणी दोघांनाही उलथन्याने मारावेसे वाटले. पण मारणार कशाबद्दल? आपणच शिकवलेला धडा त्यांनी बिनचूक म्हणून दाखवला होता.

निरीक्षकांनी पेनचे टोपण काढले. "बाई, तुम्ही अर्जदार. शेवटचं तुम्हीच सांगा. एकत्र की वेगळे? वेगळे नसाल तर मला अर्ज नामंजूर लिहावा लागंल. सोमवारी माझी बदली हाये, पुन्हा कोण कधी येईल ते सांगता येत न्हाई."

दारात गर्दी उभी होती. सत्यशीला परातीशी उभी होती. कणकेचे हात तिने तसेच हवेत धरले होते, जणू कशाला लावले तर काही मोडेल. बुधवारी एकतीस तारीख होती. जयवंताबाईंनी तोंड उघडले. 'वेगळे' या शब्दात तीनच अक्षरे आहेत, लहान मूलही बोलते. पण तो शब्द त्यांच्या घशाशी येई आणि दारातली साळूबाई, तिच्यामागची सारी गल्ली पाहून परत उतरे. एकदा तर 'वे' बाहेर पडला. त्याला खोकल्यात मिसळून त्यांनी वेळ मारून नेली.

"मंग एकत्र लिहितो," निरीक्षक म्हणाले.

"थांबा साहेब," गोपिकाबाई म्हणाल्या. त्यांनी लाटणे खाली ठेवले आणि कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "एकत्र कसले? एकत्र असतो तर कार्डावरची साखर हिनं अशी खाल्ली असती का?"

तव्यावरची पोळी तेवढी फुगली.

"काय म्हणली?" जयवंताबाई म्हणाल्या. थेट म्हणाल्या. मधे नात नव्हती.

"खरं तेच म्हणली. दर महिन्याला साखर येती चौदा माणसांची. माझ्या सात जणांच्या वाट्याला पावशेर कमी. एकोणीस सालं झाले. वजनात मारून राह्यली ही. मी आपली गप."

आता सांगितले पाहिजे, की जयवंताबाईंच्या सर्व अभिमानांचा कळस म्हणजे ती साखर. दर महिन्याला रेशन आले, की त्या तराजू स्वतः धरत, दोन्ही वाटे काट्यावर सारखे करत आणि मग कोणी कंजूष म्हणू नये म्हणून गोपिकाबाईंच्या वाट्यात वर एक मूठ टाकत. ती मूठ त्यांना झोंबे, पण टाकत.

"मी? साखरेत?" त्या उठून उभ्या राहिल्या. "अगं, तुला वर मूठ टाकून देती मी! महिन्याला एक मूठ! एकोणीस सालांत पोतं झालं असंल! अन् तुझ्या घरचा चहा तरी कवा दिला मला? साहेब, लिहा! एकोणीस सालांत हिच्या चुलीचा घोट माझ्या घशाखाली गेल्ता का, इचारा हिला!"

"तुम्ही तरी कवा बोलवलं? माझ्या पोरीच्या लग्नात जेवून आल्त्या घरून!"

"जेवूनच येणार! तुझी आमटी अन् हिरीचं पाणी, एकाच भांड्यातलं!"

"पण चूल माझी हाये!"

"हाये ना! तुझी तुला, माझी मला! ही भिंत काय मी हौसेनं घातली? साहेब, या हिकडं, ही बघा भिंत! ही माझी चूल, ती तिची! मीठसुद्धा एकीचं दुसरीकडं जात न्हाई! आमचं घर फुटलेलं हाये, एकोणीस सालापासून फुटलेलं हाये, लिहा ठळक अक्षरात!"

दारातून एक सुस्कारा उमटला. तो साळूबाईंचा होता. त्यांना सहा महिन्यांच्या ताकाची भरपाई मिळाल्यासारखे वाटले. निरीक्षक भराभर लिहीत होते. पाऊण तासाने, जेव्हा प्रकरण सत्त्याऐंशी सालच्या एका बारशापर्यंत पोहोचले, तेव्हा त्यांनी हात जोडले. "पुरे बाई. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत इतकं विभक्त कुटुंब मी पाहिलं न्हाई." पंचांच्या सह्या झाल्या. रखमाजींनी आधीची साक्ष 'दृष्टिदोषाने' झाली असे स्वतःच सुचवले. नैवेद्य देवीला तीन वाजता दाखवला गेला, आणि त्यातली एक पोळी जळली होती.

सोमवारी कार्ड झाले. सात नावांचे. मंगळवारी बद्रीनाथ ते घेऊन जालन्याला पोहोचले. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र आले: सत्यशीलेला चारही वर्षांची शिष्यवृत्ती मंजूर. धर्मराजला तीनच वर्षांची होती. जयवंताबाईंनी हा फरक पत्र संपण्याआधीच हेरला.

त्या संध्याकाळी बॅग भरता भरता सत्यशीला म्हणाली, "आजी, तू साखर कमी कवाच दिली न्हाई. मी पाह्यलंय. धाकट्या आजीलाबी ठावं हाये. मंग तिनं असं काहून म्हणलं?"

जयवंताबाई नातीच्या साडीची घडी घालत होत्या. घातलेली घडी त्यांनी पुन्हा उलगडली. गेले पंधरा दिवस त्यांनी हा प्रश्न मोठ्या शिताफीने टाळला होता. गोपिकेने घास हिरावला असता तर तिला क्षमा करणे सोपे होते. तिने उपकार केला होता, आणि तोही चारचौघांत, आणि आपल्याआधी. फोटो तर फोटो, आता मनाचा मोठेपणाही धाकटीनेच पटकावला! या जळजळीपुढे वर्षभराची ती जुनी जळजळ अगदीच आवळ्याएवढी वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढ्यांचा डबा घेतला, नातीला मागे ठेवले आणि भिंतीला वळसा घालून स्वतः गोपिकाबाईंच्या दारात गेल्या. गोपिकाबाई मेथी निवडत होत्या. दारात जाऊबाईंना पाहून त्यांनी पाट पुढे सरकवला. जयवंताबाई बसल्या नाहीत.

"साखरेचं खोटं काहून बोलली गं?"

"तुमच्या तोंडून खरं निघत न्हवतं, जाऊबाई. अन् कोणत्या गोष्टीनं तुमचं डोकं फिरंल, ते माझ्यापेक्षा कोणाला ठावं?"

"मी बोलणारच होते."

"बोलत होत्या की. खोकला आल्ता तवा."

जयवंताबाईंनी डबा पुढे केला. गोपिकाबाईंनी एक पेढा उचलला, अर्धा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाये. नाव काढंल. पेढे मात्र आमच्या धर्मराजच्या वेळेस जास्ती ताजे होते."

जयवंताबाई वळल्या. त्या आपल्या दाराशी येईपर्यंत साळूबाई ओट्यावरून उठून पुढे आल्या होत्या. एकोणीस वर्षांनी थोरली धाकटीच्या दारी गेली होती, ही गोष्ट लहान नव्हती.

"काय म्हणल्या हो जाऊबाई?" साळूबाईंनी विचारले.

जयवंताबाईंनी पदर नीट केला, डब्याचे झाकण घट्ट लावले आणि मोठ्या करुणेने मान हलवली.

"काय म्हणणार बिचारी," त्या म्हणाल्या. "जळून राह्यली माझ्यावर."